सव्वा मूठ गहू

आमच्या अक्कांना कुणी देवभोळी म्हटलं की माझं डोकं सटकतं. देवाची म्हणा, हरकत नाही. भोळी म्हणू नका. भाजीवाल्याच्या तराजूकडे त्या कशा बघतात ते एकदा बघा, मग बोला.

अक्का म्हणजे मंजुळाबाई, माझी मोठी जाऊ. राहणार सोनगीर. साधं स्लॅबचं घर, पुढे ओटा आणि ओट्यावर कायम कुणीतरी बसलेलं. मी धुळ्याला असते, ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा आमचं पहिलं भांडण देवावरूनच झालं. मी म्हटलं, "अक्का, मला पुरावा दाखवा." त्या म्हणाल्या, "आधी पोया लाट. पुरावा संध्याकायले देखू." ती संध्याकाळ अजून आलेली नाही आणि आम्ही दोघीही तिची वाट बघत नाही.

एकदा शेजारच्या निंबाभाऊंना बांधावर साप चावला. चार जण म्हणाले, भगताकडे न्या. अक्कांनी कुणाचं ऐकलं नाही. हायवेवर मधोमध उभं राहून त्यांनी एक टेम्पो थांबवला, निंबाभाऊंना आत घातलं, स्वतः वर चढल्या आणि थेट धुळ्याचा सरकारी दवाखाना गाठला. माणूस वाचला. घरी येऊन त्यांनी देवापुढे दिवा लावला, तेव्हा मी मुद्दाम खोचकपणे विचारलं, "वाचवलं कुणी अक्का? इंजेक्शननं की देवीनं?"

"इंजेक्शननी," त्या म्हणाल्या. "पन टेम्पोले आडवं उभं राह्याले हिंमत लागस. ती कोठून उनी?"

"ॲड्रिनलिन असतं ते. शरीरातच तयार होतं."

"व्हई. नाव काय बी ठेव." आणि वात पुढे सरकवून त्या स्वयंपाकाला लागल्या.

असं आमचं चालायचं. विश्वास काय, आमच्या घरात सगळ्यांचाच कशा ना कशावर आहे. माझे मिस्टर प्रेमराज फोनवरचं हवामान बघून कपाशीवर फवारणी करायची की नाही ते ठरवतात आणि पाऊस आला की फोनला शिव्या देतात. माझा विश्वास पुस्तकावर. अक्कांचा कानबाईवर. फरक एवढाच, की आम्ही दोघं आपापल्या देवावर रोज चिडतो आणि अक्का त्यांच्या देवीवर कधी चिडत नाहीत. त्या तिच्याशी बोलतात.

कानबाई ही आमच्या खान्देशाची लाडकी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरोघर बसते आणि सोमवारी निघते. एका रात्रीची पाहुणी, पण तिच्यासाठी सुरत, नाशिक, पुणे, जिथे जिथे माणसं पोटामागे पांगली तिथून गाड्या भरभरून गावाकडे येतात. दिवाळीला न येणारा पोरगा कानबाईला येतो. नारळाला डोळे काढायचे, नथ घालायची, दागिने चढवायचे आणि फुलांच्या मखरात चौरंगावर बसवायचं. रात्रभर गाणी. आमचा एक पुतण्या जर्मनीत असतो. आरतीच्या वेळी त्याचा व्हिडिओ कॉल लागतो आणि अक्का देवीला ओवाळून झालं की फोनलाही ओवाळतात. एकदा ज्योत इतकी जवळ नेली की प्रेमराज ओरडले, "वहिनी, फोन जळेल!" अक्का म्हणाल्या, पोराची दृष्ट निघते आहे, फोनचं काय घेऊन बसलात.

आता रोटाची भानगड नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून झालं. कानबाईचा नैवेद्य रोटांचा. भाऊबंदकीतल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढायचे, म्हणजे एक भरलेली मूठ आणि वर थोडे. पाळण्यातल्या मुलाचीसुद्धा मूठ पडते. त्या दिवशी गावातली चक्की धुऊन पुसून ठेवतात आणि हे सगळे गहू तिच्यावर एकत्र दळतात. त्या पिठाच्या पुरणपोळ्या म्हणजे रोट. सोबत खीर, कटाची आमटी आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. गावोगावी रीत थोडी वेगळी असते. आमच्याकडे विसर्जनाहून आल्यावर रोटाची पंगत बसते, आणि घरातली मोठी बाई प्रत्येक पुरुषाच्या तोंडात पहिला घास आपल्या हाताने घालते. रोट बाहेरच्याच्या तोंडी जाता कामा नये. आणि चुकून गेलाच, तर ज्यानं खाल्ला तो त्या क्षणापासून भाऊबंद.

या नियमाला अक्का फार जपत. समोरच्या घरात अभयकुमारांचं कुटुंब राहतं. मूळचे राजस्थानचे जैन, कोपऱ्यावर किराणा दुकान. त्यांची बायको लाडकुंवरभाभी आणि अक्का एकमेकींच्या जिवाभावाच्या. भाभींचा पुनीत लहान असताना पुरणाच्या वासानं आमच्या दारात येऊन उभा राहिला आणि रोट मागून रडायला लागला. अक्कांचे डोळे भरले, पण रोट काही दिला नाही. घाईघाईनं तुपातला शिरा केला आणि त्याला मांडीवर घेऊन भरवला. मला राग आला होता. भाभींना मात्र आला नाही. "हमारे यहां भी सूरज डूबने के बाद कोई खिला के दिखाए," असं म्हणून त्या हसल्या. अशा त्या दोघी.

आता अक्कांच्या मुलीकडे येते. दिपमाला, एकुलती एक. नाशिकला कंपनीत नोकरी करते, आईसारखी सरळ आणि माझ्यासारखी तिखट. तिनं नाकारलेल्या स्थळांची गणती करायचं आम्ही सोडून दिलं होतं. मग पहूरचा स्वप्नील आला. नरडाण्याच्या कारखान्यात इंजिनियर. बघायला आला तेव्हा त्यानं तिला विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय का?" आणि दिपमालानं जे विचारायला सुरुवात केली ती तिसरा चहा आला तरी थांबली नाही. तो न कंटाळता उत्तरं देत होता. शेवटी म्हणाला, "एवढा मोठा इंटरव्ह्यू मी नोकरीलाही दिला नव्हता." दिपमाला हसली. मी स्वयंपाकघरात अक्कांना चिमटा काढला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साखरपुडा झाला आणि लग्न थंडीत धरलं.

त्या श्रावणात दिपमाला कानबाईसाठी घरी आली होती. सोमवारी विसर्जनाची मिरवणूक निघाली. बँड, गुलाल, बायकांच्या फुगड्या. नरडाणा तसं जवळच, म्हणून स्वप्नीलनं सुट्टी टाकली, मोटारसायकल काढली आणि कुणाला न सांगता होणारी बायको बघायला आला. त्यांच्या घरी पहूरला कानबाई बसत नाही. त्याला आमच्या रीतीची काही माहिती नव्हती. तो रस्त्याकडेला उभा राहून बघत होता. आमच्या सुरतेच्या पुतण्यांनी त्याला पाहिलं. हे पुतणे साखरपुड्याला आलेले नव्हते. त्यांना वाटलं गावातलाच कुणी लाजरा पोरगा आहे. त्यांनी त्याला ओढलं, गुलालानं माखलं आणि नदीपर्यंत नाचवलं. परत येताना खांद्यावर हात टाकून थेट आमच्या घरात आणलं, आणि पंगतीत आपल्या मध्ये बसवलं.

दिपमाला मागच्या अंगणात भजी तळत होती. मी पत्रावळी वाढत होते आणि मला सगळी तोंडं सारखीच लाल दिसत होती. अक्कांचा चष्मा गुलालानं भरला म्हणून त्यांनी काढून कोनाड्यात ठेवलेला. त्या एकेकापुढे वाकत, तुपात बुडवलेला रोटाचा घास तोंडात घालत आणि डोक्यावरून हात फिरवत पुढे सरकत. एका पोरानं घास घेतल्यावर वाकून त्यांच्या पायाला हात लावला. "गुणाचा शे वं हाऊ," अक्का मला म्हणाल्या. "बाकीना बठ्ठा नुसता खावाले बठेल शेतस."

गुणी पोरगा जेवला. दोन रोट, दोनदा खीर. मग तो मोरीवर गेला, तोंडावर पाणी मारलं, आणि गुलालाखालून जावई निघाला.

टॉवेल घेऊन अक्काच उभ्या होत्या. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं, मग कोनाड्यातला चष्मा घेतला, पदरानं पुसला, घातला आणि पुन्हा बघितलं.

"माय वं! हाऊ ते जवाई शे!"

घरात आधी हशा पिकला. सुरतेचे पुतणे तर एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. भज्यांची परात घेऊन आलेली दिपमाला स्वप्नीलला बघून अशी काही लाजली की मी तिला त्याआधी आणि त्यानंतर तसं कधी बघितलं नाही. आणि मग पंगतीच्या टोकाला बसलेले झुलाल नाना खाकरले.

झुलाल नाना म्हणजे आमच्या भाऊबंदकीतले सगळ्यात वडीलधारे. माणूस वाईट नाही. पण नियम म्हटला की नानांचा कणा ताठ होतो.

"घास कोनी दिधा त्याले?" त्यांनी विचारलं.

"मीच दिधा, नाना," अक्का म्हणाल्या.

"आन् त्यानी खादा?"

"खादा."

"मंग व्हयना तो भाऊबंद. दिपमालाना भाऊ व्हयना. भाऊबंदले पोर देतस का कोनी?"

हसणं हळूहळू थांबलं. स्वप्नील टॉवेल हातात घेऊन उभा. त्यानं एकदा नानांकडे बघितलं, एकदा दिपमालाकडे, आणि फार गंभीरपणे म्हणाला, "मी उलटी करून येऊ का?" पुतण्यांना पुन्हा हसू फुटलं, पण दिपमाला हसली नाही. तिनं परात खाली ठेवली. तिचा चेहरा बघून मात्र माझा तोल गेला.

"नाना, काय चाललंय हे?" मी म्हटलं. "माणसं कुठल्या कुठे पोचली आणि आपण एका घासासाठी पोरीचं लग्न मोडणार? सोडून द्या. कुणी बघितलं नाही असं समजा."

मला वाटलं अक्का माझ्या बाजूनं बोलतील. त्या म्हणाल्या, "तू गप बस, सुलक्षणा." आणि उठून देवघरात गेल्या.

मी फणफणत मागे गेले. देवी गेलेली, चौरंग रिकामा, मखर अर्धं सुटलेलं, खाली झेंडूच्या पाकळ्या. अक्का त्या रिकाम्या चौरंगासमोर मांडी घालून बसल्या होत्या. मी दारात उभी राहूनच बोलायला लागले. म्हटलं, तुमच्या देवीला जर तुमच्या मुलीचं लग्न झालेलं बघवत नसेल तर अशी देवी काय कामाची. आज आठवलं तरी वाटतं, फार लागेल असं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

"नियम मोडाना म्हंजे सोपं शे," त्या म्हणाल्या. "पन लाडकुंवरना पोऱ्या हाई दारमा रडना व्हता, तव्हय मी मोडा नही. आज मन्ही पोरनासाठे मोडू? मंग तो नियम नही, मन्हा लहरीपना शे. लाडकुंवरले काय तोंड दाखाडू?"

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. अक्का चौरंगाकडे बघत होत्या. ओठ हलत होते. मुलगी त्यांना जिवापेक्षा प्यारी, आणि देवीही. दोघींतली एक त्या क्षणी हातातून सुटणार असं मला दिसत होतं आणि माझी सगळी हुशारी काही कामाची नव्हती.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले.

"इचारं मी तिले," त्या म्हणाल्या.

"काय म्हणाली?" मी विचारलं. खरंच सांगते, खोचकपणे नाही.

"ती कोठे बोलस? ती नुसती आयकस. घरमा बठ्ठा बोलतस, आयकस कोनी नही. तिन्हा समोर बसनं का मानूसले आपलं खोटं आपलेच आयकू येस." गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. "चाल. मले एक खोटं आयकू उनं."

मी इतकी वर्षं पुरावा मागत होते. श्रद्धा म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं असं म्हणणार नाही, पण अक्कांची श्रद्धा काय आहे ते कळलं. ती त्यांना डोळे मिटायला लावणारी नव्हती. आमच्यासारख्यांना खरं बोलायला एकांत मिळत नाही, मिळाला तरी आपण त्यात फोन बघतो. अक्कांकडे त्यासाठी एक चौरंग होता.

बाहेर सगळे होते तसेच बसलेले. अक्का नानांसमोर उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"नाना, रोट खादा म्हंजे भाऊ-बहीन व्हतस, आसंच ना?"

"आसंच शे."

"मी हाई घरमा उनू तव्हयपशीन रोट खास. मन्हा नवरा बी खास. मंग आमी दोन्ही कोन शेतस?"

बायकांमध्ये खसखस पिकली. पंगतीत बसलेले लीलाधर भाऊ, म्हणजे अक्कांचे यजमान, आयुष्यात क्वचितच बोलतात. तेही म्हणाले, "नाना, ह्याचा निकाल लागेस्तोवर मी ओट्यावर झोपू का?" मग मात्र सगळं घर हसलं.

नानाही हसले, पण हटले नाहीत. "सून येगळी, मंजुळा. सून दुसरा घरनी. पोर आपला रगतनी शे."

"रगतनी शे?" अक्कांनी विचारलं.

"शेच."

"मंग तिन्हा नावनी मूठ एक बी वरीस पडनी का, नाना?"

नानांनी काठी जवळ ओढली.

"पाळनामाना पोऱ्यानी मूठ पडस. जर्मनीमा शे त्यानी पडस. मन्ही दिपमाला हाई घरमा जल्मनी, हाई आंगनमा वाढनी, ह्या गहू तिनी निवडात, हाई पुरन तिनी वाटं. तिन्ही मूठ नही. कानबाईना समोर दर वरीस आपनच सांगतस, हाई आपली नही, हाई परकानी शे. आन् आज तिन्हं लगीन मोडाले ती आपली व्हयनी?"

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज फाटला. त्या वाद जिंकल्या होत्या आणि ते सगळ्यांना दिसत होतं. पण जिंकताना त्यांनी जे मोठ्यानं म्हटलं ते इतकी वर्षं त्यांनी स्वतःच केलं होतं. दरवर्षी गहू काढणारा हात त्यांचाच होता. त्या खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. दिपमाला धावत आली, आईला मिठी मारली आणि म्हणाली, "माय, रडू नको ना. मूठ नसली तरी रोट सगळ्यात जास्त मीच खात आले, विचार काकूला." रडता रडता अक्का हसल्या. मीही रडत होते. कुणाला सांगू नका.

नानांनी काठी भिंतीला टेकवली. मग स्वप्नीलला म्हणाले, "आठे ये रे पोऱ्या." तो गेला. नानांनी आपल्या पानातला अर्धा रोट मोडला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"खाय. खादाच शे ते पोट भरीसन खाय. भाऊबंद बी तू आन् जवाई बी तू. पोरले तरास दिधा ते बाहेरना मानूस म्हनीसन सोडाऊत नही. घरना म्हनीसन मारसूत."

स्वप्नीलनं तो रोट उभ्या उभ्या खाल्ला. संध्याकाळी लाडकुंवरभाभी ओट्यावर आल्या, सगळी हकीकत ऐकली आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मेरे पुनीत को दिया होता तो आज उसके नाम की भी मूठ पड़ती!" अक्कांनी त्यांच्या पाठीत लटका धपाटा घातला. त्या दोघींचं हसणं पार हायवेपर्यंत गेलं असेल.

लग्न थंडीत झालं. असं लग्न आमच्याकडे पूर्वी झालं नाही. नवरदेव भाऊबंद ठरल्यामुळे सुरतेचे पुतणे आधी वरातीत नाचले, मग मांडवात येऊन वरातीचं स्वागतही त्यांनीच केलं, आणि दोन्हीकडच्या टोप्या डोक्यावर एकावर एक घालून फिरले. बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी इतकी खपली की आचारी हात जोडून उभा राहिला. पहूरच्या मंडळींना हा सगळा काय प्रकार आहे ते नीटसं कळलं नाही, पण ती मंडळी हौशी, त्यांनीही नाचून घेतलं. पाठवणीला दिपमाला रडली नाही. अक्काही नाही. मला नवल वाटलं. मी विचारलं तर अक्का म्हणाल्या, मला अजून एक काम करायचंय, ते झालं की रडेन.

ते काम काय ते पुढच्या श्रावणात कळलं.

गहू काढायचा दिवस होता. ओट्यावर सुपात गहू, समोर पितळी परात, आणि भोवती सगळी भाऊबंदकी. दिपमाला आणि स्वप्नील आदल्या दिवशीच आलेले. अक्का एकेक नाव घेत आणि मूठ परातीत सोडत. आधी झुलाल नाना, मग लीलाधर भाऊ, मग प्रेमराज, मग सगळे पुतणे, जर्मनीचा धरून. नावं संपली. दरवर्षी इथे परात उचलतात. अक्कांनी उचलली नाही. त्यांनी पुन्हा सुपात हात घातला, मूठ भरली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "दिपमाला."

मूठ परातीत पडली. वर थोडे आणखी घातले. सव्वा.

मग म्हणाल्या, "स्वप्नील." तीही पडली.

स्वप्नील घाबरून बोलला, "आई, आता दोघांच्याही मुठी पडल्या. आता आम्ही पुन्हा भाऊ-बहीण तर नाही ना?"

"म्हनीसन ते लगीन व्हवानी वाट देखी," अक्का म्हणाल्या. "आधी लगीन, मंग मूठ. मी काय येडी शे का?"

हसण्याच्या गोंगाटात अक्कांनी पुढची मूठ भरली आणि पुतणींची नावं घ्यायला सुरुवात केली. लहान, मोठ्या, लग्न झालेल्या, न झालेल्या. मग माझं नाव घेतलं. मी केमिस्ट्रीची बाई, मला अशा गोष्टींचं काही वाटायला नको. माझ्या नावाचे गहू पडताना मी ऐकले आणि मला फार वाटलं. एवढंच सांगते.

नाना काठीवर हनुवटी टेकून बघत होते. "मंजुळा," ते म्हणाले, "लगीन व्हयेल पोरीस्नी मूठ काढस. परवानगी कोनी दिधी तुले?"

"जिन्हा रोट शेतस तिनी," अक्का म्हणाल्या. "माय शे ती, नाना. मायले पोर जड व्हस का?"

मला वाटलं नाना आता खाकरतील. ते खाकरले नाहीत. त्यांनी घराच्या दाराकडे बघितलं. तिथे कमलबाई उभी होती, नानांची एकुलती एक मुलगी. सुरतेकडे दिलेली, आता तिचेही केस पांढरे झालेले. दरवर्षी कानबाईला येते, पुरण शिजवते, चुलीपुढून हलत नाही आणि मंगळवारी परत जाते. नावं ऐकायला ती हातातली पळी तशीच घेऊन बाहेर आली होती.

नाना काठी बाजूला ठेवून पुढे सरकले. "मन्ही कमलनी मी काढस," ते म्हणाले.

त्यांनी सुपात हात घातला. म्हाताऱ्या हाताला मूठ नीट वळत नव्हती. भरलेली मूठ परातीपर्यंत नेताना बोटांतून गहू ओट्यावर सांडायला लागले. नाना थांबले, दुसऱ्या हातानं ते गोळा करू लागले, तर आणखी सांडले. दारात कमलबाईनं पळी खाली ठेवली होती.

अक्कांनी नानांचा हात हळूच परातीवर धरला.

"पडू द्या, नाना," त्या म्हणाल्या. "तिन्हंच शे."